वंशनोंदवहीची कुळकथा

लंडनच्या जेम्स वेदरबी यांनी १७९१ साली शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ छापली. घोड्याचं वय आणि कूळ याबाबत फसवाफसवी होऊ नये, एवढाच तिचा हेतू होता. आज जगभरची प्राणिसंग्रहालयं दुर्मीळ प्राण्यांच्या जोड्या ज्या वंशनोंदवहीवरून ठरवतात, त्या स्टडबुकचं मूळ या घोडेबाजारात आहे.

रानटी जनावरांसाठी ही वही आणली ती विसेंटने, म्हणजे युरोपी बायसनने. (आपल्याकडे गव्यालाही बायसन म्हणायची सवय आहे, पण तो प्राणी वेगळा.) पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या धामधुमीत पोलंडच्या बियावोविएझा जंगलातले विसेंट सैनिकांनी आणि शिकाऱ्यांनी मारून खाल्ले. १९१९च्या सुमारास तिथला शेवटचा गेला, १९२७मध्ये कॉकेशसमधला. उरले ते फक्त प्राणिसंग्रहालयांत आणि जमीनदारांच्या कुरणांत.

त्याआधीच, १९२३ साली, विसेंट वाचवण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली होती. फ्रँकफर्ट प्राणिसंग्रहालयाचे संचालक कुर्ट प्रीमेल तिचे अध्यक्ष. तिच्यापुढचा पहिला प्रश्न होता, खरे विसेंट उरलेत तरी किती? अमेरिकी बायसनशी किंवा गाईगुरांशी संकर झालेली जनावरंही ‘विसेंट’ म्हणून मिरवत होती. एकेकाचं कूळ तपासल्यावर अस्सल ठरले अवघे ५४, आणि त्या सगळ्यांचे पूर्वज मिळून बारा. कॉकेशसच्या डोंगरी विसेंटचं रक्त तर ‘काउकासुस’ नावाच्या एकाच नरातून पुढे आलं.

या जनावरांची पहिली छापील वही १९३२ साली निघाली. तिच्यातली नोंद अगदी कोरडी असते: क्रमांक, नाव, नर की मादी, जन्मतारीख, बापाचा क्रमांक, आईचा क्रमांक, कुठून कुठे नेलं, कधी मेलं. पोलंडमध्ये जन्मलेल्या बहुतेकांचं नाव ‘पो’ने सुरू करायचं असा रिवाज पडला, त्यामुळे नावावरूनच मूळ देश कळतो. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या चोपड्यांत पिढ्या सापडतात, तशा या वहीत विसेंटच्या पिढ्या सापडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ही वही पुन्हा सुरू केली वॉर्सॉ प्राणिसंग्रहालयाचे यान झाबिन्स्की यांनी. युद्धकाळात आपल्या प्राणिसंग्रहालयात शेकडो ज्यूंना आसरा देणारे ते हेच.

१९५२मध्ये विसेंट बियावोविएझाच्या रानात परत सोडले गेले. २०१९पर्यंत मोकळ्या रानातल्या विसेंटची संख्या ६,२००च्या वर गेली होती.

वही तीच राहिली, तिचा उपयोग मात्र पार उलटला. घोडेवाला वही बघतो ती वेगवान रक्त एकवटण्यासाठी. प्राणिसंग्रहालयाला रक्त पांगवायचं असतं, कारण मोजक्या पूर्वजांच्या वंशात नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्या की पिल्लं कमजोर निपजतात. म्हणून ज्याचे नातलग भरपूर, तो नर कितीही देखणा असला तरी थांबतो. ज्याचा वंश बेताचाच वाढलाय, त्याची पाळी आधी. मला ही या वहीची सगळ्यात मोठी कमाई वाटते: जनावराचं मोल दिसण्यावरून ठरायचं थांबलं.

मंगोलियाच्या प्रझेवाल्स्की घोड्याची वही १९५९ नंतर प्रागमध्ये सांभाळली जाऊ लागली. रानातून नाहीसा झालेला हा घोडा १९९०च्या दशकात मंगोलियात परतला. ‘कुपोरोविच’ नावाच्या घोड्याचं जनुकीय वाण जिवंत घोड्यांत फारच कमी उरलंय, हेही वंशावळीवरूनच समजलं. तो मेला १९९८मध्ये, पण सॅन डिएगोत १९८०पासून त्याच्या पेशी गोठवून ठेवलेल्या होत्या. त्यांतून २०२०मध्ये ‘कुर्ट’ नावाचं शिंगरू जन्मलं.

भारतात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था अशा राष्ट्रीय वह्या तयार करते. पण वहीत काय उतरणार, हे शेवटी त्या त्या प्राणिसंग्रहालयातल्या रोजच्या नोंदींवर ठरतं. कळपात हिंडणाऱ्या हरणांमध्ये कोणतं पाडस कोणत्या नराचं, हे खुणेशिवाय सांगता येत नाही. त्यासाठी कानातला बिल्ला लागतो, मायक्रोचिप लागते, आणि दररोज टिपून ठेवणारा माणूस लागतो. वाघाच्या खाण्याला देणगीदार मिळतात. या बिल्ल्याला, चिपला आणि नोंद ठेवणाऱ्याच्या पगारालाही ते मिळायला हवेत.