वेस्लीचे २८ पौंड

‘समाधान’ हा शब्द आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांच्या कानाला जरा खटकतो. पगारवाढीची मागणी घेऊन जावे, तो मालकाच्या तोंडून प्रथम हाच शब्द बाहेर पडावा, असे आम्ही पुष्कळदा अनुभवले आहे. त्यामुळे जॉन वेस्लीचे चरित्र आम्ही सावधपणेच उघडले. इंग्लंडातील मेथडिस्ट पंथाचा हा संस्थापक (१७०३–१७९१). समाधानाचा उपदेश त्यानेही केला. पण हिशेबाला आरंभ केला तो स्वतःच्या खिशापासून.

ऑक्सफर्डमधील एका तरुण मेथडिस्टाची हकीकत त्याने आपल्या एका प्रवचनात दिली आहे. तो तरुण म्हणजे वेस्ली स्वतःच, असे चरित्रकार मानतात. पहिल्या वर्षी प्राप्ती ३० पौंड. २८त निर्वाह केला, २ दान दिले. पुढे प्राप्ती ६०, मग ९०, मग १२० झाली. खर्च मात्र २८च राहिला आणि दान ३२, ६२, ९२ असे वाढत गेले. मिळकत वाढली की गरजा वाढतात हा जगाचा रिवाज. याने गरजांभोवती कुंपण घातले आणि कुंपणाबाहेरचे सारे दुसऱ्याचे मानले. १७७६ साली सरकारने चांदीच्या भांड्यांवरील करासाठी विचारणा केली, तेव्हा त्याने कळविले की, लंडनला दोन आणि ब्रिस्टलला दोन चांदीचे चमचे आहेत. भोवतालच्या इतक्या माणसांना भाकरी मिळत नसता आणखी घेणार नाही.

त्याचे दातृत्व नुसत्या भिक्षेचे नव्हते, हे आम्हांला विशेष वाटते. १७४६ साली लंडनमध्ये त्याने ३० पौंड १६ शिलिंग जमवून गरिबांसाठी कर्जाऊ निधी काढला. एकाला एका वेळी २० शिलिंग, फेड आठवड्याच्या हप्त्याने तीन महिन्यांत. दीड वर्षात २५५ माणसांची अडचण त्यातून भागली. आमच्या पतपेढ्यांच्या चिटणिसांनी हा आकडा जरूर पाहावा! पैशाविषयीच्या प्रवचनात भरपूर मिळवा असे तो सांगतो, पण प्रकृती गमावून किंवा शेजाऱ्याला बुडवून नव्हे. सोमल हाताळणे, वितळत्या शिशाची वाफ श्वासात घेणे असले धंदे त्याने नावानिशी वर्ज्य ठरविले. १७७३च्या पत्रकात तर धान्यटंचाईचा दोष त्याने दारूच्या भट्ट्या, श्रीमंतांची चैन आणि लहान शेते गिळणारी मोठी शेते यांवर ठेवला. राजकारणात मात्र तो राजनिष्ठ होता. मजुरांनी संघटना करावी हे त्याच्या स्वप्नातही नव्हते.

ती केली त्याच्या पंथातल्या शेतमजुरांनी. डॉर्सेटमधील टॉलपडल गावी आठवड्याची मजुरी ९ शिलिंगांवरून ८, मग ७ वर आली आणि पुढे ६ची भाषा सुरू झाली. जॉर्ज लव्हलेस हा मजूर मेथडिस्ट प्रवचनकार होता. शेतकऱ्यांनी योग्य मजुरीचे वचन दिले तेव्हा गावचा पाद्री साक्षीला होता, पण पुढे त्याने ते नाकारले, असे लव्हलेसने १८३७च्या आपल्या पुस्तिकेत लिहिले आहे. अखेर मजुरांनी संघ काढला. शपथ घेतल्याचे निमित्त करून मार्च १८३४ मध्ये सहा जणांना सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. सहांपैकी पाच मेथडिस्ट! धर्माने त्यांना समाधान शिकविले होते, पण बायकामुलांच्या उपासमारीला ते समाधान म्हणायला तयार नव्हते. साधे राहणे हे ज्याने त्याने स्वतःपुरते ठरवायचे. दुसऱ्याच्या ताटातली भाकरी काढून त्याला समाधान शिकविणे हा निराळाच धंदा आहे, आणि तो आमच्याकडेही चालतो.

मागे राहिलेल्या कुटुंबांचा भार कामगारांनी उचलला. लंडनच्या समितीने वर्गण्या गोळा केल्या. १८३६ साली माफी मिळाली आणि त्यानंतर ते परतले, तेव्हा त्यांच्यासाठी त्याच निधीतून एसेक्समध्ये शेते भाडेपट्ट्याने घेण्यात आली. त्यांपैकी पाच जण पुढे कॅनडात जाऊन शेती करू लागले. लव्हलेसही त्यांत होता, आणि मेथडिस्ट मंडळीशी असलेले नाते त्याने तेथेही सोडले नाही.