गाण्यानं राखलेला कांगारू

कांगारू म्हटलं की पोटाच्या पिशवीतून डोकावणारं पिल्लू आठवतं. मला मात्र तो पुन्हा भेटला गाण्याच्या वाटेनं.

१७७० साली कॅप्टन कुकच्या माणसांनी 'कांगारू' हा शब्द ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर ऐकला. पण सर्वांत मोठा, तांबडा कांगारू राहतो तो आतल्या कोरड्या मुलखात. तिथं पावसाचा भरवसा नाही, आणि मादीचं सारं बाळंतपण त्या पावसावर. ३३ दिवसांत जन्मलेलं पिल्लू एक ग्रॅमही भरत नाही. तरी ते आईच्या केसांना धरून आपलं आपण पिशवीत चढतं. सुमारे आठ महिन्यांनी बाहेर पडलं, तरी दूध प्यायला येतच राहतं. तेव्हा पिशवीत धाकटं असतं आणि गर्भाशयात तिसरं, वाढ थांबवून वाट पाहणारं. थोरल्याचं दूध वेगळं, धाकट्याचं वेगळं, आई एकच! दुष्काळात दूध आटतं, पिशवीतलं दगावतं, मग पोटातलं वाढीला लागतं. दुष्काळ फारच लांबला तर मादी माजावरच येत नाही. पाऊस पडला की पुन्हा सगळं सुरू.

पण त्यासाठी काही माद्या तरी तगायला हव्यात. त्या तगतात कुठं?

अ‍ॅलन न्यूसम हे प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅलिस स्प्रिंग्सच्या परिसरात याच शोधात होते. दुष्काळात कांगारू ओढ्याकाठच्या, थोडी हिरवळ टिकलेल्या सपाटीवर गोळा होतात, हे त्यांनी पाहिलं. तिथल्या अरंडा लोकांची गाणी स्ट्रेलो यांनी जमवली होती. मिशनऱ्याचा हा मुलगा लहानपणापासून अरंडा बोलत वाढलेला. त्यांचा ग्रंथ १९७१ साली निघाला. न्यूसमनी कथा आणि जमीन शेजारी ठेवून पाहिली, आणि १९८० साली लिहिलं, की कांगारू-पूर्वजाची पवित्र स्थळं नेमकी उत्तम चराईच्या जागी आहेत. त्या स्थळांपाशी शिकारीला बंदी. म्हणजे दुष्काळात उरलेलं बियाणं तिथं सुरक्षित!

आणखी एक गोष्ट. कथेतला पूर्वज चांगल्या रानातून जमिनीवरून चालतो. जिथं कांगारूला खायला काही नाही, तिथं तो जमिनीखालून किंवा आकाशातून जातो. मी कविता लिहिणारा माणूस. नुसती कथा ऐकली असती तर 'काय कल्पना आहे!' म्हणून दाद दिली असती आणि पुढं गेलो असतो. तो तर नकाशा होता.

यांतली पुष्कळ गाणी परक्यानं ऐकायची नसतात, म्हणून त्यांतली एकही ओळ इथं सांगत नाही.