शिंदखेड्याची बोली आणि यंत्राने वाचलेला कागद

९ फेब्रुवारी २००१ रोजी देशभर जनगणनेचे प्रगणक घरोघर निघाले. तापीकाठच्या शिंदखेडा तालुक्यातही. प्रगणक म्हणजे बहुतेक ठिकाणी शाळेतले गुरुजी किंवा बाई. या वेळी त्यांना एक नवी ताकीद होती: अनुसूचीची घडी घालायची नाही आणि अंक चौकटीच्या आतच लिहायचे. कारण हा कागद पुढे माणूस नव्हे, यंत्र वाचणार होते.

स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांना ओएमआर उत्तरपत्रिका परिचित आहे. तिथे यंत्र फक्त गोल काळा झाला की नाही एवढेच पाहते. २००१ च्या जनगणनेतील आयसीआर तंत्र त्याच्या पुढचे होते. स्कॅनरने टिपलेल्या प्रतिमेतून ते हाताने लिहिलेला अंक ओळखत असे. महानिबंधक होते जयंतकुमार बांठिया, जे पुढे महाराष्ट्राचे मुख्य सचिव झाले. १०२ कोटींहून अधिक माणसांच्या नोंदी या मार्गाने संगणकात गेल्या.

त्याआधी काय होते? १९०१ साली, शिंदखेडा अखंड खानदेश जिल्ह्यात असताना, भारतात चिठ्ठ्यांची पद्धत आली. प्रत्येक माणसाची माहिती एका चिठ्ठीवर उतरवायची. चिठ्ठीचा रंग धर्म सांगे, तर स्त्री की पुरुष, विवाहित की अविवाहित हे खुणांवरून कळे. मग कारकून त्या खणाखणांत टाकून मोजत. अमेरिकेने १८९० मध्येच हर्मन हॉलरिथची छिद्रपत्रे वापरली होती. भारतात मात्र त्यानंतरही दीर्घकाळ चिठ्ठ्या हातांनीच निवडल्या जात. स्वस्त मनुष्यबळ असलेल्या राजवटीला यंत्राची घाई नव्हती, असेच म्हणावे लागते.

पण खानदेशच्या दृष्टीने खरी गोष्ट एकाच रकान्यात दडलेली आहे: मातृभाषा.

वय, मुलांची संख्या यंत्र वाचू शके. भाषेचे नाव मात्र अक्षरांत लिहिलेले असे. ते पडद्यावर पाहून योग्य संकेतांक निवडायला शेवटी माणूसच बसे. त्याच्याही आधी, दारात उभ्या गुरुजींनी ‘अहिराणी’ लिहिले की ‘मराठी’, यावर सारे अवलंबून. सूचना स्पष्ट होती: बालपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा, आणि सांगितलेली भाषा दुसरीची बोली आहे का, हे ठरवणे प्रगणकाचे काम नाही. परंतु ज्या घरातली मुले शाळेत मराठी शिकतात, कागदपत्रे मराठीत होतात, त्या घराचे उत्तर काय येईल? ‘लिहा मराठी’ म्हणणारेही थोडे नसणार.

आकडे पाहा. जनगणनेत अहिराणी आणि तिच्या जवळच्या काही बोली ‘खानदेशी’ या नावाखाली एकत्र मोजल्या जातात. १९७१ मध्ये त्या बोलणारे सुमारे १.४७ लाख. १९८१ मध्ये १२.१२ लाख. १९९१ मध्ये ९.७४ लाख. आणि २००१ मध्ये एकदम २०.७५ लाख!

दहा वर्षांत आठपट वाढावे, मग अडीच लाखांनी घटावे, मग दुपटीहून अधिक व्हावे, असे कोणत्याही भाषिक समाजाच्या जन्ममृत्यूने घडत नाही. बदलत होती ती नोंद. २००१ ची उडी नव्या यंत्राच्या खाती जमा करण्याचा मोह होतो, तो टाळावा. यंत्र लिहिलेलेच वाचते. उत्तर देणाऱ्याने स्वतःच्या बोलीचे नाव घेतले, प्रगणकाने ते तसेच टिपले आणि संकेतांक देणाऱ्याने ते खानदेशीत ठेवले, असा तिघांचा मेळ जमला तरच एक माणूस त्या आकड्यात शिरतो.

भाषेला मान्यता, शाळेत स्थान, साहित्याला आधार मागायचा, तर हाच आकडा पुढे करावा लागतो. म्हणून त्याची ही चंचलता गंभीर आहे.

२०११ मध्येही अनुसूची कागदी होती आणि तीही यंत्रानेच वाचली. खानदेशीचा आकडा पुन्हा उतरला: १८.६० लाख. त्यांपैकी सुमारे १६.३६ लाख लोकांची नोंद ‘अहिराणी’ याच नावाने झाली आहे.