रस्ता ओलांडायला नेमके किती सेकंद हवेत?

पादचाऱ्यांचा सिग्नल हिरवा होतो, आजी निम्म्या रस्त्यात पोहोचतात आणि गाड्या सुटतात. दोष आजींचा की सिग्नलच्या वेळेचा? गणित करून पाहू.

शहरातली एक लेन साधारण ३.५ मीटर रुंद असते. सहा लेन म्हणजे २१ मीटर. सिग्नलची वेळ ठरवताना चालण्याचा वेग अनेकदा सेकंदाला १.२ मीटर धरला जातो. या वेगाने साडेसतरा सेकंद पुरतात. पण काठी टेकत सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्यांना २६ सेकंद लागतात. अमेरिकेने २००९ मध्ये नियमावलीतला हा वेग कमी करून सुमारे १.०७ मीटर केला.

दुसरा उपाय दुभाजकाचा. तिथे व्हीलचेअर मावेल एवढी सपाट, सुरक्षित जागा ठेवली, तर रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो. एका टप्प्याला १३ सेकंद पुरतात.

पादचारी पूल असला, तरी जिने चढणं सगळ्यांना जमत नाही. त्यामुळे रस्त्यावरचं क्रॉसिंग लागतंच.

तुमच्या चौकात किती सेकंद मिळतात? मोबाइलवर मोजा आणि तो आकडा तक्रारीत लिहा.