‘अमृतमंथना’तील डोळा

प्रभात फिल्म कंपनी १९३३ सालीं कोल्हापुराहून पुण्यास आली आणि १९३४ मध्यें तिचें ‘अमृतमंथन’ पडद्यावर झळकलें. त्यांत राजगुरु झालेल्या चंद्रमोहन यांचा एकच डोळा पडदाभर दिसतो. व्ही. शांताराम आणि छायालेखक केशवराव धायबर यांनीं त्याकरितां टेलिफोटो भिंग योजिलें. आपल्या चित्रपटांत तें प्रथमच आलें, असें मानतात.

साधें भिंग जितकें दूरचें जवळ आणील, तितकी त्याची नळी लांब. टेलिफोटोंत पुढें फुगीर व मागें खोलगट असे दोन भिंगसमूह असतात. मागचा समूह किरणांचें एकवटणें लांबवितो, पण नळी आखूडच राहते. ही बचत मात्र फुकटची नव्हे! पुढच्या समूहाचे दोष चित्राबरोबरच मोठे होतात.

झूम भिंगांत तर हे समूह नळींत सरकतात. एका जागीं घालविलेला दोष दुसऱ्या जागीं डोकें वर काढतो. नळी आखूड करावी, तर भिंगांची शक्ति वाढवावी लागते, आणि तिच्याबरोबर दोषहि बळावतात. १९३२ सालीं इंग्लंडांत ‘कुक व्हारो’ हें ४० ते १२० मिलिमीटरचें झूम भिंग निघालें होतें. तें अवजडच होतें. सुटसुटीतपणा आणि रेखीवपणा यांची खरी सोयरीक पुढें जमली. १९५६ सालीं फ्रान्समध्यें पिएर आंजेन्यू यांनीं १७ ते ६८ मिलिमीटरचें, म्हणजे चौपट पल्ल्याचें भिंग सिद्ध केलें.

चारच वर्षांनीं, १९६० सालीं, प्रभातच्या त्याच आवारांत सरकारी फिल्म संस्था उघडली.