सीमेपलीकडची कचेरी

मागच्या व्याख्यानात आपण राज्य पुनर्रचना आयोगाच्या १९५५ च्या अहवालापर्यंत आलो होतो. सीमा कुठून जायला हवी होती, यावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. आज जरा सीमेपलीकडे राहिलेल्या माणसाबद्दल बोलू. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. शेत तिथंच, चावडी तिथंच. पण १९६३ मध्ये राज्याने कन्नड ही राजभाषा ठरवली आणि कागदाची भाषा बदलत गेली.

असं होणार याची दिल्लीला कल्पना होती बरं का. १९५६ मध्येच सातवी घटनादुरुस्ती झाली. तिने ३५०क कलमात मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय सांगितली आणि ३५०ख मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला. शिवाय केंद्राने एक ज्ञापन काढलं. जिथे अल्पसंख्याक भाषकांचं प्रमाण १५ ते २० टक्के असेल, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही छापावेत, असं त्यात होतं. जिल्हाच नव्हे, तर तालुका आणि नगरपालिकाही त्यात धरली होती.

आता मेख बघा. हा अधिकारी चौकशी करतो, राष्ट्रपतींना अहवाल देतो, अहवाल संसदेपुढे जातो. राज्याला हुकूम सोडण्याचा अधिकार त्याला नाही. ज्ञापन म्हणजे काही कायदा नव्हे. आणि मूळ घटनेतलं ३५० वं कलम? गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडा, असं ते म्हणतं. उत्तर कुठल्या भाषेत येईल, यावर कलम गप्प! (हशा) हसताय, पण ज्याला आलेली नोटीस शेजाऱ्याकडून वाचून घ्यावी लागते, त्याला विचारा.

बेळगावसाठी हे मागताना आपण आपल्या अकोला जिल्ह्यातल्या पातूरकडेही बघायला हवं. तिथल्या नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीबरोबर उर्दूही आहे. ती उर्दू काढा, म्हणून वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, महाराष्ट्राचा २०२२ चा कायदा मराठी आवश्यक करतो, पण सोबत दुसरी भाषा लिहायला मनाई करत नाही. मला हा निकाल पटतो. बेळगावात आपण याहून वेगळं काय मागतोय?

अर्थात, तो वाद पाटीपुरता होता. आतल्या टेबलावरचे फॉर्म कुठल्या भाषेत असावेत, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. महाजन आयोगाकडे पुढच्या वेळी वळू.