नाताळ, सुंठ आणि खडकीची भट्टी

डिसेंबरच्या उत्तरार्धात खडकी बाजारातील काही ख्रिस्ती घरांतून जो दरवळ येतो, त्यात लोणी व दालचिनी यांच्याबरोबर सुंठीचा वास स्पष्ट ओळखू येतो. मैदा, लोणी, गूळ अथवा काकवी, सुंठ, दालचिनी व लवंग यांचे पीठ मळून लाटावयाचे, साच्याने त्यातून माणसे, तारे, घरे असे आकार कापावयाचे, ते भाजून निवले म्हणजे साखरेच्या पांढऱ्या लेपाने त्यांवर डोळे, गुंड्या व नक्षी काढावयाची. नाताळच्या सुटीत मुलाबाळांना गुंतवून ठेवणारा हा उद्योग होय. याचे इंग्रजी नाव जिंजरब्रेड. हा खाद्यप्रकार छावणीबरोबर आलेला, म्हणून सर्वस्वी परका, असे मत सहज दिले जाते. ते मत शब्दांच्या साक्षीने तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या मतात तथ्य नाही असे नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या मैदानावर पेशव्यांच्या सैन्याची इंग्रजांशी लढाई झाली आणि पुढे त्याच परिसरात इंग्रजांची छावणी वसली. १८६९ साली येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. गोरे शिपाई, त्यांची कुटुंबे, त्यांची देवालये आणि त्यांच्यासाठी पाव भाजणाऱ्या भट्ट्या या सर्वांनी खडकीच्या जीवनाला निराळे वळण दिले. मराठी स्वयंपाकघरात चूल होती, बंद भट्टी नव्हती. नानकटाई करावयाची तर रवा, तूप व साखर डब्यात घालून बेकरीत न्यावी आणि तेथून भाजून आणावी, ही रीत पुण्यामुंबईच्या अनेक कुटुंबांनी दीर्घकाळ पाळली.

या भट्टीविषयी पुण्यातील सनातनी समाजाची भावना काय होती, ते १८९० च्या ऑक्टोबरातील पंचहौद मिशनच्या प्रकरणावरून कळते. व्याख्यानानंतर मंडळींपुढे चहा व बिस्किटे आली. टिळक, रानडे, गोखले प्रभृती तेथे उपस्थित होते. त्यावरून ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. खडकीची छावणी या शहरापासून अवघ्या काही मैलांवर होती; आचाराच्या दृष्टीने मात्र ती फार दूर होती.

आता शब्दांकडे वळू. प्रथम ‘नाताळ’. हा शब्द इंग्रजांनी दिलेला नाही. लॅटिनमधील ‘नातालिस’, म्हणजे जन्माचा, यापासून पोर्तुगीज ‘नाताल’ झाला आणि कोंकण किनाऱ्यावरील पोर्तुगीजांच्या सहवासातून तो मराठीत आला. ‘पाव’ हाही त्याच वाटेने आलेला शब्द. तेव्हा खडकीची छावणी वसण्यापूर्वीच या सणाचे नाव मराठीच्या अंगणात पोहोचले होते.

दुसरा शब्द ‘जिंजर’. लॅटिन ‘झिंगिबेर’, त्यामागे ग्रीक ‘झिंगिबेरिस’ आणि त्यामागे पालीतील ‘सिंगिवेर’ व संस्कृतातील ‘शृंगवेर’ अशी ही परंपरा आहे. संस्कृत पंडितांनी त्याचा अर्थ शिंगासारखे अंग असलेले, असा लावला. ही व्युत्पत्ती आकर्षक असली तरी मागाहून बसविलेली आहे. तमिळ व मलयाळम भाषांत आल्याला ‘इंजि’ म्हणतात आणि ‘वेर’ म्हणजे मूळ. अॅलन रॉस यांनी १९५२ साली या एका शब्दाच्या प्रवासावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. शब्द दक्षिण भारतातून निघाला, व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर पश्चिमेस गेला आणि अनेक शतकांनी गोऱ्या शिपायाच्या तोंडून दख्खनच्या पठारावर परतला.

तिसरा शब्द ‘ब्रेड’, आणि येथे तर गंमतच आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘जिंजांब्रास’ म्हणजे मुरविलेले आले. इंग्रजी जिभेला शेवटचे अक्षर अनोळखी वाटले, तेथे तिने ओळखीचा ‘ब्रेड’ बसविला. पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास नावाला साजेसा पदार्थच त्या नावाने ओळखला जाऊ लागला. म्हणजे शृंगवेरात शिंग नाही, तसा जिंजरब्रेडमध्ये मुळात पाव नव्हता. दोन्ही ठिकाणी लोकव्युत्पत्तीनेच अर्थ घडविला.

मराठीने मात्र या मुळासाठी ‘शृंगवेर’ स्वीकारला नाही. तिने ओल्या रूपाला ‘आर्द्रक’ यापासून ‘आले’ म्हटले आणि वाळलेल्या रूपाला ‘शुंठी’ यापासून ‘सुंठ’. चैत्र शुद्ध नवमीला माध्यान्ही रामजन्म झाला की देवळात सुंठवडा वाटतात. गोकुळाष्टमीच्या मध्यरात्री कृष्णजन्मानंतरही तोच प्रसाद. बाळंतिणीला सुंठ देण्याची घरगुती रीत देवाच्या जन्मालाही लागू झाली, असे यावरून दिसते. नाताळ हाही जन्माचाच उत्सव आणि त्याच्या खाऊतही सुंठच. या दोहोंत ऐतिहासिक संबंध आहे असे म्हणण्यास आधार नाही. युरोपात सुंठ दुरून येणारी, मोलाची वस्तू होती, म्हणून ती सणाच्या पदार्थात गेली. आपल्याकडे ती औषध म्हणून गेली. कारणे भिन्न, योग मात्र लक्षणीय.

गेल्या नाताळात प्रस्तुत लेखकाच्या शेजारच्या वृद्ध बाईंनी अशा बिस्किटांचे ताट घरी पाठविले. ती आणणाऱ्या नातवाने इंग्रजी नाव सांगितले. आजी मागून म्हणाल्या, “सुंठीच्या बाहुल्या आहेत, खाऊन बघा.” व्युत्पत्तिशास्त्राचा गंधही नसताना त्यांनी नावातील खोटा पाव काढून टाकला आणि खरी सुंठ ठेवली. एखादी चाल आपली की परकी, याचा निवाडा ती कोणाबरोबर आली एवढ्यावरून करणाऱ्या अभ्यासकाने हे ताट एकदा डोळ्यांसमोर आणावे. पदार्थाचा आकार छावणीने दिला, सणाचे नाव पोर्तुगीजांनी दिले, मसाला या भूमीतला आणि त्याचा शब्दही येथूनच गेलेला. १८९० साली ज्या भट्टीच्या जिनसेने पुण्यात ग्रामण्य माजले, त्या भट्टीच्या वासात जन्मोत्सवाची सुंठ खडकीत आजही ओळखू येते.